भंगारातला ट्रेलर आणि अब्बांची पेटी

"अभ्यास कर, नाहीतर गॅरेजमध्ये पाने देत बसशील."

हे वाक्य मी गेली अठरा-एकोणीस वर्षं वर्गात वापरत आलोय. उर्दूच्या तासाला उर्दूत, मराठीच्या तासाला मराठीत. माझ्यासमोर बसलेल्या मुलांपैकी निम्म्यांचे वडील त्याच गॅरेजमध्ये, वेल्डिंगच्या दुकानात नाहीतर फर्निचरच्या कामावर असतात, हे मला माहीत असतं. म्हणजे मी मुलाला ज्याची भीती घालतो तो त्याचा बाप असतो. हे इतक्या वर्षांत एकदाही माझ्या लक्षात आलं नाही. यंदाच्या मे महिन्यात एका जुन्या ट्रेलरमध्ये महिनाभर घाम गाळला तेव्हा आलं, म्हणून हे लिहितोय.

ट्रेलर कसा आला ते आधी सांगतो. आमच्या मिरजेतल्या मोहल्ल्यात दहावीच्या मुलींना अभ्यासाला जागा नाही. एका खोलीत सहा माणसं, त्यात टीव्ही, त्यात पाहुणे. मुलं मशिदीच्या वऱ्हांड्यात, मित्राच्या गच्चीवर, कुठेही बसतात. मुली कुठे बसणार? बाजारातल्या अभ्यासिकांची फी परवडत नाही आणि रात्री नऊ वाजता तिथून एकटीने परत यायचं तर घरचे सोडत नाहीत. दोन वर्षं आम्ही खोली शोधत होतो. मग कोणीतरी सांगितलं, महामार्गाच्या कामावर इंजिनियर लोक ज्या चाकांच्या केबिनमध्ये बसायचे तसला एक ट्रेलर भंगारवाल्याकडे पडून आहे. वीस फूट लांब, आठ फूट रुंद. बाहेरून पत्रा, आतून प्लायवूड, दोन खिडक्या, एक दार. वर्गणी काढून तो घेतला आणि एका ओळखीच्याच्या मोकळ्या प्लॉटवर आणून उभा केला.

आतून तो बघवत नव्हता. जमीन दाराजवळ खचलेली, भिंतींचं प्लाय पापडासारखं फुगलेलं, छताच्या कोपऱ्यात उंदरांचं घरटं, आणि सगळ्याला एक कुबट वास. एका ठेकेदाराने बघून सांगितलं, "चार दिवसांत चकाचक करून देतो. खाली व्हिनाइल, भिंतीला पीव्हीसी पॅनल." मला ते पटलंही होतं. पण मोहल्ल्यातल्या चाचांना एकदा दाखवून घेऊ म्हटलं. चाचा आता सत्तरीच्या आसपास आहेत. उभी हयात ट्रकच्या आणि लक्झरी गाड्यांच्या बॉड्या बांधण्यात गेली. ते आत आले, पेचकसाच्या मुठीने जमीन ठिकठिकाणी ठोकून बघितली, आणि म्हणाले, "मास्तर, ये तो मुर्दे को शेरवानी पहनाना हुआ."

मग ठरलं, स्वतःच करायचं. हाताने. चाचा सांगणार, आम्ही करणार.

मला वाटलं होतं दोन-तीन दिवसांत रंगाचा डबा उघडेल. पहिला आठवडा फक्त काढण्यात गेला. फुगलेलं प्लाय काढलं, गंजलेले खिळे काढले, भिंतीच्या पोटात भरलेला ओला ग्लासवूल काढला. (पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला चाचांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. दोन दिवस हात खाजवत होतो.) मग गळती शोधायची. मी आत टॉर्च घेऊन बसलो आणि चाचा शिडीवर चढून तांब्याने पत्र्याच्या एकेका जोडावर पाणी सोडायला लागले. खालच्या जोडापासून सुरुवात, मग हळूहळू वर. मी विचारलं, वरून का नाही? म्हणाले, वरून सोडलं तर पाणी वाहत सगळ्या जोडांवर जाईल, मग चोर कोणता ते कसं कळणार? दाराजवळचा कोपरा कुजला होता म्हणून आम्ही सगळे दाराकडे बघत होतो. भोक निघालं चार फूट लांब, खिडकीच्या वर. पाणी आतल्या लोखंडी अँगलवरून चालत दारापर्यंत जात होतं. ठेकेदाराचं पॅनल लागलं असतं तर ते आतल्या आत तसंच चालत राहिलं असतं.

जमीन उचलली तेव्हा खालचा एक आडवा चॅनल गंजाने खाल्लेला निघाला. तेवढा तुकडा कापून नवा वेल्ड केला. सगळा सांगाडा तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइडचे दोन हात दिले. वर नवं मरीन प्लाय. ते बसवण्याआधी चाचांनी प्रत्येक तुकड्याच्या चारही कडा आणि खालची बाजू रंगवायला लावली. प्लायमध्ये पाणी तोंडावरून शिरत नाही, कडांमधून शिरतं. आणि खिळा एकही नाही. चालत्या गाडीत खिळा हादऱ्याने सैल होतो, म्हणून सगळीकडे बोल्ट, चकती आणि नट. मी म्हटलं, चाचा, ही आता कुठे चालणार आहे, अभ्यासिका आहे. ते म्हणाले, "जागा आपली आहे का?" मी गप्प बसलो. "मग चाकं राहू द्या. आजकालच्या दिवसांत चाकं असलेली बरी." ते हसत म्हणाले, पण विनोद नव्हता तो.

चाकं राहणार म्हटल्यावर वजनाचा हिशोब आला. पुस्तकांच्या वजनाचा मी, भाषेचा शिक्षक असून, कधी विचारच केला नव्हता. तीन फुटी फळी खच्चून भरली तर पंचवीस-तीस किलो सहज होतात. सगळ्या फळ्या एका बाजूला लावल्या तर गाडी त्या बाजूच्या पाट्यांवर बसते. सगळ्या मागे लावल्या तर ओढताना शेपूट हलवते. म्हणून दोन्ही बाजूंना सारख्या, आणि जास्त भार चाकांच्या वर आणि थोडा पुढे.

आता माझ्या फजितीची गोष्ट. दोन फळ्या मी एकट्याने लावल्या. ओळंबा सोडला, पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध आणला, बोल्ट कसले. लांब जाऊन बघतो तर फळी तिरकी. पुन्हा पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमधच. मला वाटलं पाणसळ बिघडली. चाचा दारात उभे राहून हसत होते. ट्रेलरच एका बाजूला दोन बोटं कललेला होता. ते म्हणाले, "घर जमिनीला धरून असतं, गाडी स्वतःला धरून असते. गाडीत ओळंबा नाही, गुण्या." म्हणजे फळी पृथ्वीशी सरळ नको, त्या सांगाड्याशी काटकोनात हवी.

आणि सांगाडा तरी काटकोनात आहे का? ते बघायला चाचांनी सुतळी घेतली, जमिनीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरकी ताणली, गाठ मारली. मग तीच सुतळी दुसऱ्या दोन कोपऱ्यांत. गाठ अर्धा इंच चुकली. मदतीला आलेली नववीतली एक मुलगी एकदम म्हणाली, "सर, आयताचे कर्ण समान असतात, ते हेच!" चाचा सातवीही शिकलेले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "कर्ण कोण?" मुलीने जमिनीवर खडूने आकृती काढून त्यांना समजावलं, आणि त्यांनी तिला सांगितलं की हा अर्धा इंच आता फळीच्या कुठल्या टोकाला काढून टाकायचा. दोघंही खूश. मी मात्र बाजूला उभा राहून बी.एड.ची आठवण काढत होतो. कृतीतून अध्ययन यावर मी सोळा गुणांचं उत्तर लिहिलं होतं. चांगले गुण मिळाले होते.

त्याच बी.एड.च्या प्रवेशाच्या वेळी फॉर्मवर एक रकाना होता, वडिलांचा व्यवसाय. तिथे मी लिहिलं होतं, खासगी नोकरी. माझे अब्बा बॉडी मिस्त्री होते. चाचांबरोबर एकाच शेडमध्ये वीस वर्षं. फॉर्म घेणाऱ्या बाईंनी काही विचारलं नसतं, त्यांना काही फरकही पडला नसता. तरी मी खासगी नोकरी लिहिलं. अब्बांना वाचता येत नव्हतं म्हणून त्यांना ते कधी कळलं नाही, आणि त्या वेळी मला त्याचं बरंच वाटलं होतं.

त्यांची हत्यारांची पेटी त्यांच्या इंतकालनंतर माळ्यावर होती. या कामासाठी चौदा वर्षांनी खाली काढली. करवत गंजली होती, गिरमिट जाम. पण रंधा आणि पटाशा त्यांनी तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या, त्या तशाच. रंध्याच्या लाकडाला अंगठ्याच्या जागी खळगा पडलेला. माझा अंगठा त्यात नीट बसत नाही, त्यांचा रुंद होता.

आता मूळ मुद्दा. आपल्या समाजाबद्दल दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात आणि त्या बहुधा एकच माणूस करतो. पहिली, आपली मुलं शिकत नाहीत, गॅरेज आणि वेल्डिंगमध्ये जातात. दुसरी, आता कारागीर मिळत नाहीत, सगळं काम तकलादू झालंय. दोन्ही तक्रारी करताना तो स्वतः मात्र खुर्चीवर बसलेला असतो. मीही बसलेला असतो. आपण लेखणी आणि पाना यांना एकमेकांसमोर उभं केलंय आणि मुलाला म्हणतो, एक निवड. जो पाना निवडतो त्याला शाळा परत दारात उभं करत नाही. जो लेखणी निवडतो तो बापाच्या पेटीला हात लावत नाही. दोघांचंही निम्मं आयुष्य वाया जातं.

हे असंच होतं का आपल्याकडे? मिरजेत राहणाऱ्याला तरी तसं म्हणता येणार नाही. इथल्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात. 2024 मध्ये दोन्हींना भौगोलिक मानांकनही मिळालं. ते बनवणारे मूळचे शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम ओसरलं तेव्हा या लोकांनी भोपळा, लाकूड आणि तार हातात घेतली. लोखंडाला धार लावणारा हात जवारी लावायला शिकला. नुसत्या हाताने हे होत नाही, कान लागतो, डोकं लागतं, गवयाशी बोलता यावं लागतं. पुढे त्यांचं आडनावच सतारमेकर झालं. कामाचं नाव त्यांनी आडनाव म्हणून मिरवलं. मी खासगी नोकरी लिहिलं.

दीनचं म्हणाल तर तिथेही लाजेला जागा नाही. हजरत दाऊद पैगंबर होते, बादशहा होते, आणि हाताच्या कमाईवर जेवत, असं हदीसमध्ये येतं. हजरत जकरिया सुतार होते. आपले हुजूर (स.) स्वतःची पादत्राणं स्वतः दुरुस्त करत, कपडे शिवत, असं हजरत आयेशा सांगतात. जुम्याच्या बयानात हे आपण दर काही महिन्यांनी ऐकतो, मान डोलावतो, आणि बाहेर आल्यावर मुलीसाठी स्थळ बघताना विचारतो, मुलगा काय करतो? फॅब्रिकेशन? मग राहू द्या.

आणि शिक्षणाचं? ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली. हस्तोद्योगाच्या आधाराने शिक्षण द्यायचं, ही कल्पना. तिचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन, जामिया मिल्लियाचे, पुढे देशाचे राष्ट्रपती झालेले. नई तालीम हे नाव आपण बी.एड.ला पाठ केलं, पण तो आराखडा ज्याच्या हाताखाली तयार झाला तो आपल्यातला होता, हे आपल्या मोहल्ल्यात किती जणांना माहीत आहे? त्या योजनेला त्या काळी विरोधही भरपूर झाला. मुस्लिम लीगने केला, आणि आपल्या मुलांना पुन्हा मजूरच करणार का, ही शंका फक्त लीगवाल्यांनाच होती असं नाही. ती शंका मला अजिबात हास्यास्पद वाटत नाही. ज्याच्या सात पिढ्यांनी फक्त हातच चालवले त्याला कोणी शाळेत पुन्हा चरखा दिला तर तो विचारणारच. पुढे ती योजना विरून गेली. उरला तो आपल्या वेळापत्रकातला कार्यानुभव, म्हणजे क्रेप कागदाची फुलं.

2020 च्या नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवलेत. त्या दिवसांत मुलांनी गावातल्या सुतार, माळी, कुंभार अशा लोकांकडे शिकायला जावं असं म्हटलंय. कागदावर सुंदर आहे. माझा आग्रह इतकाच आहे की आपल्या उर्दू शाळांनी तरी हे दिवस सहलीत आणि रांगोळीत घालवू नयेत. आपल्या शाळेच्या भिंतीपलीकडेच शेड आहेत. आणि मुलं तिकडे पाठवण्यापेक्षा मिस्त्रीला वर्गात बोलवा, खुर्ची द्या, मानधन द्या, हजेरीपटाच्या फळ्यावर पाहुणे म्हणून त्याचं नाव लिहा. ज्याचा बाप तो मिस्त्री आहे, त्या मुलाने ते नाव वाचावं.

हे लिहितानाच मला माझी भीती वाटते. हाताच्या कामाचं कौतुक करायला लागलं की पुढचं वाक्य सहज येतं, मग शाळा कशाला? तसं कोणी माझ्या नावावर खपवू नये. ट्रेलरचं वायरिंग ज्या पोराने केलं तो पंधरा वर्षांचा आहे. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे काम करतो. माझाच विद्यार्थी, नववीत शाळा सोडलेला. ते वाक्य मी त्याला एकदा नाही, बऱ्याचदा ऐकवलं होतं. काम त्याचं असं की बघत राहावं. तार जिथे पत्र्यातून जाते तिथे प्रत्येक भोकाला त्याने रबरी बूच बसवलं. पत्र्याची धार तार सोलते आणि मग अख्खा ट्रेलर करंट देतो, हे त्याने मला समजावून सांगितलं. आम्ही खर्च वाचवायला बघत होतो तेव्हा अर्थिंगचा रॉड आणि ईएलसीबी याशिवाय मी स्विच चालू करणार नाही, म्हणाला. "सर, आत मुली बसणार आहेत ना?" नंतर परवानाधारक वायरमनने तपासलं, एक स्क्रू सुद्धा बदलावा लागला नाही.

स्विचबोर्डवर कोणतं बटण कशाचं ते लिहायचं होतं. त्याने मार्कर घेतला आणि लिहिलं, पखा. अनुस्वार नाही. मग माझ्याकडे बघितलं आणि मार्कर माझ्या हातात दिला. "तुम्हीच लिहा सर, माझं चुकतंय."

हे माझ्या शाळेचं अपयश आहे, त्याच्या बापाचं नाही, गॅरेजचं नाही. जो मुलगा विजेचा रस्ता डोक्यात पूर्ण बघू शकतो त्याला आम्ही नऊ वर्षांत एक अनुस्वार देऊ शकलो नाही. त्याला जे येत होतं ते आम्ही कधी विचारलंच नाही, आणि जे येत नव्हतं ते रोज विचारलं. त्याला पाना लवकर हाती आला म्हणून तो शाळेतून गेला असं नाही. इथे आपल्याला काहीच येत नाही, हे त्याच्या मनावर ठसवायला आम्ही त्याला पुरेसा वेळ दिला, मग तो गेला. त्याच्या हाताचं कौतुक करून मला सुटका मिळत नाही. उलट तो हात बघितल्यावर जास्त टोचतं.

17 नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसण्याबद्दल मी त्याच्याशी बोललो. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. उस्तादला विचारतो म्हणाला. मी उस्तादकडे स्वतः जाऊन आलो. सकाळी दोन तास सोडायला तो तयार आहे, पण सीझनमध्ये नाही. ट्रेलरची एक किल्ली पोराकडे आहे. वायरिंग कोणी बघायचं म्हणून दिली आहे, असं सगळ्यांना सांगितलंय.

जुम्यानंतर एका परिचित गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. शिकले-सवरलेले आहेत, माझं लिखाणही वाचतात. म्हणाले, "सर, तुम्ही भंगारात हात घालता, लोक बघतात. माणसं लावायची ना." मी माझे हात त्यांना दाखवले. रेड ऑक्साइड नखांतून निघाला नव्हता. त्यांनी विषय बदलला. मला त्यांचा राग आला नाही, कारण पाच वर्षांपूर्वी मीही कोणाला हेच सांगितलं असतं, याच आवाजात.

जूनच्या पहिल्या आठवड्यापासून मुली बसायला लागल्या. चौदा जणी मावतात, सोळा बसतात. छताला पांढरा रंग दिलाय तरी दुपारी तापतं, म्हणून वेळ संध्याकाळची. एक खण अजून अडकतो, तो मी केलेला आहे. पडदे हवेत असं त्यांचं म्हणणं आहे, ते त्या स्वतः शिवणार आहेत.

परवा पहिला मोठा पाऊस झाला. रात्री छत्री घेऊन बघायला गेलो. दाराजवळचा कोपरा कोरडा. जमीन कोरडी. खिडकीच्या वर मात्र एक थेंब धरत होता, पडत नव्हता, धरत होता. चाचांना फोन केला. म्हणाले, "शिडी काढून ठेवा मास्तर, उद्या असरनंतर येतो. आणि अब्बांचा रंधा घेऊन या, चौकट फुगली असेल."